पहिला बहार

पेरूच्या कलमांना पहिल्यांदाच फुलं आली होती आणि योगीराज सरांनी ती सगळी तोडायला सांगितली.

पोरं बघतच राहिली. गेल्या पावसाळ्यात शाळेमागच्या मुरमाड जागेत खड्डे त्यांनीच घेतले होते, हापशावरून पाणी आणून एकेकानं एकेक कलम जगवलं होतं. सरांनी समजावून सांगितलं, की झाड अजून कोवळं आहे. आत्ताच फळांचा भार पडला तर ते कायमचं खुरटेल. यंदा बहार धरायचा नाही, पुढच्या वर्षी पोटभर पेरू खा. समजावण्यात सरांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पोरं नाइलाजानं कामाला लागली.

शिवकन्या तेवढी हाताची घडी घालून आपल्या झाडापुढं उभी राहिली. पोरगी गुणाची, सांगितलेलं कधी मोडायची नाही. सरांना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी मी कुठं हाय इथं?"

खरंच की. शाळा सातवीपर्यंतच, आणि ती सातवीत होती. पुढं जिंतूरला मामाकडं राहून शिकायचं ठरलेलं. आपल्या झाडाचा पेरू तिला खायचा असेल, तर तो याच बहाराचा.

सरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पण गुरुजी माणूस, इतक्यात हार कसा मानणार? झाड काय आपल्यासाठी लावायचं असतं का, मागून येणाऱ्यांसाठी लावायचं असतं, वगैरे वगैरे त्यांनी सुरू केलं. शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं.

मग तिनं विचारलं, "चारठाण्याकडच्या शाळेत बी तुमी झाडं लावली होती म्हणं?"

"लावली होती की. चिकू, सीताफळ."

"मग खाल्ले का तिथले चिकू?"

चिकूला फळ धरायच्या आतच सरांची बदली झाली होती. त्याच्या आधीच्या शाळेतही तसंच. फळं लागल्याचं कुणीतरी फोनवर सांगितलं, तेव्हा लय बरं वाटलं होतं. जाऊन बघणं मात्र झालंच नाही. आणि येत्या उन्हाळ्यात पुन्हा बदलीची पाळी होतीच.

"न्हाई खाल्ले," ते म्हणाले. या पोरीपुढं थाप मारायचं त्यांच्या जिवावर आलं.

शिवकन्येनं त्यांच्याकडं बघितलं. तिला सरांची कीव आली होती आणि ती तिच्या तोंडावर सरळ दिसत होती. मग ती वाकली आणि भराभर फुलं तोडू लागली. सगळं झाड मोकळं केलं. शेंड्याजवळचं एक फूल तेवढं ठेवलं.

"एकानं काय झाड खुरटत न्हाई," ती म्हणाली. "पिकला की अर्धा तुमचा."

सर वळले आणि पोरांवर खेकसले, "त्या फुलाला कुणी हात लावला तर याद राखा."

पोरांना कळेना, आपण काय केलं.