भिंतीलगतची बोर

"अगं, धुक्याच्या गावात कुठं बोरं पिकतात? स्ट्रॉबेरी लाव!" पाचगणीतल्या भिलारेकाकू चार वर्षं कुंपणापलीकडून हेच ऐकवत होत्या. बोरंही दरसाल हिरवीच गळत.

पण ऋजुताची आत्या हट्टाची पक्की! तिनं सुरुवातीलाच सफरचंदाएवढ्या बोरांचा मोह सोडून लवकर पिकणारी बारीक बोर निवडली, घराच्या दक्षिण भिंतीलगत लावली आणि यंदा त्या भिंतीला पांढराशुभ्र चुना फासला. "ऊन कमी ना? मग आहे तेवढं झाडावर परतवायचं!" ऋजुता बघतच राहिली. काय डोकं आहे हिचं!

आज आत्याच्या नातवाचं बोरन्हाण. बाजारातलं एकही बोर आणायचं नाही, अशी आत्याची पैज. झाडावर पिकली होती मोजून अकरा! चुरमुऱ्यांबरोबर ती बाळाच्या डोक्यावरून घरंगळली नि पोरं तुटून पडली. त्यांच्यात चक्क काकू! एक बोर तोंडात टाकून त्यांनी चवीनं डोळे मिटले आणि बी हळूच रुमालात बांधली.

चारचौघांत गप्प बसणारी ऋजुता आज खणखणीत ओरडली, "काकू, बी नको, आत्याकडून कलम घ्या! आणि आधी भिंतीला चुना लावा!"