घाबरट भुताची अक्षरं

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मृदुला टॅबवर चारपानी कॉमिक बनवत होती. गोष्ट एका घाबरट भुताची होती, पण संवादाच्या फुग्यातली त्याची अक्षरं काही केल्या घाबरलेली दिसेनात.

बाबा मागून वाकून बघत होते. त्यांनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. हात थरथरायला लागला, तसे त्यांचे ब्रश माळ्यावर गेले.

"हे काचेवर कसं उमटतं गं?"

"लिहून बघा ना."

बाबांनी बिचकतच भुताचं वाक्य लिहिलं, 'मला भीती वाटते.' एकेक अक्षर कापरं उमटलं. ते ओशाळले. "पुसून टाक."

मृदुला बघतच राहिली. "बाबा, अहो, हेच तर मला जमत नव्हतं!"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"भूत अजून काय काय बोलतं?"