प्रार्थनेतल्या आजी

बायकोचा निळा स्वेटर कपाटात नाही, हे मला रविवारी कळलं. ही अपघातात गेली, त्याला तीन महिने झाले होते.

"एका आजींना दिला. कुडकुडत होत्या," मुलगी म्हणाली.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ती याच आजींना आणि त्यांच्या मुलाला सांभाळ म्हणायची. मी आमेन म्हणायचो.

"त्यांचा मुलगा करतो काय?"

"बाबा, चहा निवतोय."

पाणी कुठेतरी मुरत होतं. पुढच्या रविवारी मुलगी बाहेर पडली, तसा मी तिच्या मागे गेलो. तुरुंगाच्या फाटकाशी हिचा स्वेटर घातलेली म्हातारी उभी होती. तिला मी कोर्टात पाहिलं होतं. हिला उडवणाऱ्या ट्रकवाल्याची आई.

"शत्रूसाठीही प्रार्थना करायची, हे तुम्हीच शिकवलंत, बाबा."

मुलगी अजून रोज तीच प्रार्थना करते. माझं आमेन म्हणायचं राहिलं आहे.