ब्रेक तर दाबला होता

जितेंद्रने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. त्याने जिवाच्या आकांताने दाबला, तर थांबायचं सोडून ती आणखी सुसाट सुटली. पुढच्या वळणावर दुसरी गाडी आडवी होऊन पडली होती, आणि तिच्यात त्याची सोळा वर्षांची मुलगी बसली होती.

रुचिता. लाल हेल्मेट, एक हात वर.

ह्या गाड्या म्हणजे गो-कार्ट. ना दार, ना छप्पर, बसलं की बूड जमिनीला टेकतंय की काय असं वाटतं. उत्तनच्या रस्त्याला, तारोडीच्या अलीकडे, त्यांचा ट्रॅक आहे. तिथे नवशिक्या मुलांची रेसिंगची बॅच सुरू होत होती आणि रुचिताचं नाव त्यात लागलं होतं. फॉर्मवर बापाची सही तेवढी राहिली होती. ती द्यायची नाही, हे जितेंद्र इंद्रलोकमधल्या घरातूनच ठरवून निघाला होता. बावीस वर्षं भाईंदरला रिक्षा चालवतोय. रस्त्यावर त्याने काय काय बघितलंय, ते त्याला विचारा. "आधी मी चालवून बघतो," असं तो म्हणाला खरा, पण ते नुसतं खोट काढायला.

शिकवणारा मितेश त्याला पेडलं समजावायला लागला, तर ह्याने हात झटकला.

"बावीस वर्षांत एक ओरखडा नाय. माझा पाय झोपेतपण ब्रेकवर असतो. मला काय शिकवतोस?"

मितेश हसला आणि त्याने पेडलांचं सांगणं सोडून दिलं. तिथेच चुकलं त्याचं. बापाच्या वयाच्या माणसाला कोण सांगायला जाणार.

मुलांकडून मात्र त्याने सकाळपासून एक नियम घोकून घेतला होता. गाडी गर्रकन फिरून आडवी झाली, की हात वर करायचा आणि जागचं हलायचं नाही. मागून येणारा चुकवून जातो. तुम्ही ऐन वेळी हललात, तर तो बिचारा जाणार कुठून? जो हलेल, त्याला बॅचमध्ये जागा नाही.

बापलेकीच्या दोन फेऱ्या निवांत झाल्या. रुचिता पुढे, हा मागे. पेडल दाबलं की गाडी पळते, सोडलं की मंदावते, त्यात काय मोठंसं. तिसऱ्या फेरीला रुचिताची गाडी वळणावर फिरली. तिने शिकवल्यासारखा हात वर केला आणि थांबली.

मितेश पिवळा झेंडा नाचवत ओरडत होता. जितेंद्रला काही ऐकू येत नव्हतं. अंगातलं सगळं वजन त्याने पायावर टाकलं होतं. गेली. माझी पोर गेली, आणि माझ्याच हातून गेली, एवढंच त्याच्या डोक्यात चाललं होतं.

मग तो वर केलेला हात खाली आला. रुचिताने स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी कडेच्या गवतात घातली. ती जिथे होती, बरोबर त्या जागेवरून जितेंद्रची गाडी सरळ गेली आणि टायरांच्या भिंतीत घुसली.

दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. लागलं काहीच नव्हतं. मुलगी समोर धडधाकट उभी आहे हे दोनदा बघून झाल्यावर त्याला आवाज फुटला.

"ब्रेक फेल आहे हिचा. असल्या भंगार गाड्या देता तुम्ही पोरांना?" त्याने खिशातून फॉर्म काढला. "ही घ्या तुमची बॅच." आणि तो फाडायला लागला.

मितेश तडक गाडीकडे गेला. त्याने ती गाडी टायरांतून ओढून काढली, स्वतः बसला, वेग घेतला आणि त्यांच्यासमोर कचकन उभी केली. मग पुन्हा एकदा. ब्रेक अगदी ठणठणीत होता.

जितेंद्रचे हात फाडता फाडता थांबले.

मितेश उतरला. तोही घाबरला होता, आणि ती भीती राग होऊन रुचितावर निघाली. "तू का हललीस? नियम काय सांगितलाय? मागचा चुकवून जातो. तू हललीस आणि तोपण त्याच बाजूला वळला असता तर?"

"दुसरं कोणी असतं तर नसते हलले, सर."

"म्हणजे?"

रुचिताने बापाकडे बघितलं नाही. त्याला चार लोकांत खाली बघायला लागू नये, म्हणून ती अगदी हळू बोलली.

"लहानपणी पप्पांच्या बाजूला, त्यांच्याच सीटवर बसून शाळेत जायचे मी. समोर काही आडवं आलं की ते काय करतात, मला माहितीये. ते वळत नाहीत. उजवा पाय दाबतात." तिने गाडीतल्या पेडलांकडे बोट केलं. "रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाला असतो, सर. तुमच्या गाडीत तिथे गॅस आहे, दाबला की गाडी पळते."

मितेशने पेडलांकडे बघितलं. जितेंद्रने खाली बघितलं. तो मोकळ्या जमिनीवर उभा होता, आणि त्याचा उजवा पाय अजून मातीत रुतवून दाबलेलाच होता.

मितेश रुचिताकडे वळला. "उद्या सकाळी सातला ये," तो म्हणाला. "काका सही देत असतील तर."

जितेंद्रने हातातला फॉर्म उलगडला. अर्ध्यापर्यंत फाटला होता.

"सेलोटेप आहे का रे तुमच्याकडे?" त्याने विचारलं.