निरोपाची शाल

हिंदीचा झेंडा सातासमुद्रापार न्यायला नियतीने खांडबहाले सरांनाच निवडलं होतं. मस्कतच्या आंतरराष्ट्रीय शाळेने मात्र अजून निवडलं नव्हतं; तिने फक्त व्हिडिओवर डेमो लेक्चर घ्यायला सांगितलं होतं. पण सरांनी बातमी सिन्नरच्या कॉलेजात अशी काही पसरू दिली, की प्राचार्यांनी शनिवारीच शाल-श्रीफळ देऊन निरोप समारंभ उरकून टाकला. तेव्हाही 'जरा थांबा' म्हणायचं सोडून सरांनी पाऊण तास भाषण ठोकलं.

सोमवारी पडद्यावर दहा-बारा मुलं दिसली. शाळेची सूचना एकच होती: तुम्ही कमी बोला, मुलांना बोलतं करा. सरांना हा विचार इतका पटला, की मुलांनी बोलणं का गरजेचं आहे हे ते वेळ संपेपर्यंत एकटेच समजावत राहिले.

शेवटी एका मुलीने हात वर केला. "सर, आता आम्ही बोलू?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "उरलेलं पुढच्या तासाला."

संध्याकाळी नकाराची मेल आली.

"आता कॉलेजात कुठलं तोंड घेऊन जाऊ?" सरांनी बायकोला विचारलं.

"आहे तेच न्या. आणि शाल तेवढी परत करा."

"नारळ?"

"त्याच्या वड्या तुम्हीच संपवल्यात."

मंगळवारी सर शाल पिशवीत घालून चोरट्यासारखे कॉलेजात शिरले. वेळापत्रक कुणी बदललंच नव्हतं. पहिला तास त्यांचाच होता.