पाण्याखालचं माहेर

यातला शब्द न् शब्द खरा, नाहीतर माझी कवळी धरणात पडो!

हौसाआत्याच्या भावाची नात केतकी मालवणला लोकांना बुडी मारायला शिकवते. रविवारी तिची मंडळी धरणात उतरणार म्हटल्यावर आत्या म्हणाली, "मीपण येणार." त्या पाण्याखाली तिचं माहेर होतं. गाव बुडालं तेव्हा ती सासरी बाळंतीण होती. घराचा निरोप घ्यायचा राहूनच गेला.

"आत्याआजी, पाठीवर हवेची टाकी घ्यावी लागते. तुला नाही झेपायची."

"तुझ्या बापाला पाठीवर घेऊन हिंडलेय मी. टाकी रडत तरी नाही!"

शेवटी तिचंच खरं झालं. कासोटा घट्ट खोचून, तोंडाला काच लावून आत्या पिसासारखी तरंगत खाली गेली. हिरव्या उजेडात दगडी भिंती उभ्या होत्या, चुलीत मासे झोपले होते. पण उंबऱ्याशी आत्या जी थबकली, ती हलेचना. हवा संपत आली. केतकी खुणा करून दमली, मग तिला उमगलं. पायांवर पाणी घातल्याशिवाय माहेरवाशीण आत कशी जाईल? त्या एवढ्या पाण्यातलंच ओंजळभर पाणी घेऊन केतकीनं आत्याच्या पायांवर सोडलं. तेव्हा कुठे आत्या घरात गेली.

बरं, हे सगळं होऊन गेलं, एवढीच एक गोष्ट माझ्या पदरची. रविवार अजून उजाडायचाय. पण खाली काय काय होणार ते सगळं आत्याच्या तोंडून ऐकल्यावर केतकीनं फोन लावून आणखी एक टाकी सांगितली.