माफीचं पान

शॉर्टफिल्म दहा मिनिटांची आणि माझी पटकथा अकरा पानांची. मिनिटाला एक पान धरतात, म्हणून दिग्दर्शक म्हणाला, एक पान काप. मला काही सुचेना, तेव्हा मी ती आईला वाचायला दिली. तिने छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली आहेत. तिच्या तावडीतून एक फालतू शब्द सुटत नाही. शिवाय गोष्ट तिची आणि बाबांचीच होती. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. ती लाल पेन्सिल घेऊन टेबलाशी बसली आणि तासाभराने तिने कागद परत दिले. भांडणानंतर नवरा बायकोची माफी मागतो, ते शेवटचं अख्खं पान तिने तिरकी रेघ मारून काढून टाकलं होतं. माझ्या मते सगळ्यात चांगलं तेच जमलं होतं. “लांबलंय का?” मी विचारलं. “लांबलं नाही, खोटं आहे. तुझ्या बाबांनी जन्मात कधी माफी मागितली नाही.” “मग भांडण मिटायचं कसं?” “सकाळी माझ्या पेन्सिलीला टोक केलेलं असायचं. मी विचारायचे नाही, ते सांगायचे नाहीत.” मी ते पान फाडलं आणि दहाव्या पानाखाली तेवढंच लिहिलं. तिची रेघ चांगलीच जाड उमटली होती. टोक करून देतो म्हणून मी हात पुढे केला. तिने पेन्सिल मुठीत धरली. “राहू दे,” ती म्हणाली, “मला बोथटच चालते आता.”